मे महिन्यात हीटर

वडाळा नाक्याच्या गॅरेजात
तापल्या पत्र्याखाली
लतिफ मिस्त्रींनी बॉनेट उघडलं,
आणि इंजिनाआधी माझ्याकडे पाहिलं.
"यात काय काय ओतलंय?"

मी म्हणाले, कूलंट.
"कुठलं?"
मी गप्प.

खालचा नट सैल झाला
आणि घमेल्यात उतरलं ते
ना पाणी, ना रंग.
शिळ्या आमटीवर धरते तसली साय,
तपकिरी, गिळगिळीत,
अडत अडत पडणारी.

मग सांगावंच लागलं.
मागच्या रविवारी चांदवडच्या घाटात
काटा लाल रेषेला टेकला,
तेव्हा ढाब्यावरून हिरवी बाटली घेतली,
आतलं गुलाबी आहे हे ठाऊक असून.
वरून अर्धी बाटली प्यायचं पाणी.
तहान ती तहान, म्हटलं.

मिस्त्री रागावले नाहीत.
बोटावर तो थर घेतला,
अंगठ्याने चोळला,
"दूध चांगलं," म्हणाले, "लिंबूही चांगलं."
आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.

शरणपूर रोडच्या दुकानात
फळीवर हिरवा, गुलाबी, निळा,
रंगपंचमीच मांडलेली.
दुकानदार म्हणतो, टर्बोला गुलाबीच घेतात सगळे.
पण मिस्त्रींनी बजावलं होतं,
रंग कंपनीची हौस. डबा उलटा कर.
मी उलटा केला.
लोणच्याच्या बरणीवरची तारीख
आई जशी चष्मा कपाळावर सरकवून वाचते
तशी वाचत गेले
मुंगीएवढी अक्षरं:
सिलिकेट किती, फॉस्फेट आहे की नाही,
अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला चालेल का.
दुसऱ्या हातात गाडीचं पुस्तक,
चार वर्षांत पहिल्यांदा
प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेलं.
त्यातला नंबर जुळला
सगळ्यात मागच्या, धूळ बसलेल्या डब्याशी.
तो नारिंगी निघाला.

"किती घालायचं? अर्धं-अर्धं?"
"निफाडला राहतेस का,
जानेवारीत द्राक्षं गारठतात तिथे?"
"नाही. पाथर्डी फाटा."
"मग एकाला दोन. भाताला घालतेस तसं.
उष्णता उचलतं ते पाणीच,
कूलंट नुसता राखणदार."

भिवसन कॅन घेऊन उभा,
सतरा वर्षांचा, नुकती मिसरूड फुटलेली.
"गंगेचं आणू का चाचा, रामकुंडावरून?"
"ते डोक्यावर घे.
रेडिएटरला पुण्य नको आणि क्षारही नको.
बॅटरीचं पाणी आण, सीलबंद."

तीनदा धुतलं.
पहिलं चहासारखं आलं,
दुसरं ताकाच्या निवळीसारखं,
तिसऱ्या वेळी घमेल्याच्या तळाचा
गंजलेला ओरखडा दिसला.
मिस्त्री तो बराच वेळ बघत राहिले.

मग सहज विचारावं तसं,
"आडगावच्या माळावर पळवतेस, ती फेरी संपली की
लगेच चावी फिरवतेस ना?"
हो.
पोरं धावत येतात वेळ सांगायला,
दोन मिनिटं अकरा, दोन मिनिटं नऊ,
मला इंजिनाचा आवाज नको असतो तेव्हा.
"मिनिटभर चालू ठेवत जा.
पळून आलेल्याला लगेच झोपवू नये."

शेवटी नारिंगी ओतलं,
झाकण उघडंच ठेवलं,
इंजिन सुरू.
"आता हीटर लाव. फुल्ल."
मिस्त्री, बाहेर एक्केचाळीस आहे.
"आतली हवा निघायला पाहिजे.
एक बुडबुडा अडकला तरी
परत घाटात बसशील रडत."

म्हणून आम्ही दोघं
पुढच्या सीटवर, काचा खाली,
तोंडावर हीटरचा झोत,
त्यांच्या दाढीतून घाम टपकतोय,
माझा कुर्ता पाठीला चिकटलेला.
रस्त्यावरचा रिक्षावाला
मान वळवून वळवून बघत गेला.

बॉनेटखाली गुडगुड झाली.
थोडी शांतता.
मग एक लांबलचक ढेकर,
आणि भिवसनने ओरडून सांगितलं, पातळी उतरली.
त्याने आणखी थोडं ओतलं.

काटा मध्यावर आला,
थरथरला,
थांबला.
माझा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," मिस्त्री म्हणाले,
डोळे मिटलेले,
"अजून एक आहे आत."