पंच क्रमांक दोन

मी सही केली तेव्हा कागद कोरा होता.
फौजदार म्हणाले, "कर बे, घाई आहे,
लिहून घेतो मागनं."
माझं पंक्चरचं दुकान चौकीच्या भिंतीला टेकून.
केली.

साखर पेठेतल्या बोळात
इरेशम गज्जमच्या मागाची मोटर
दोन शिपायांनी पट्ट्यासकट काढली.
टॉवेल अर्धाच विणून झालेला, तसाच राहिला.
इरेशम पावती पुढं करत होता:
तिच्यावर चव्वेचाळीस एकाहत्तर,
फिर्यादीत चव्वेचाळीस सतरा.
"आकडे तेच की रे," म्हणत
साहेबांनी पावती घडी करून खिशात घातली.
यादम्मानं सुपातून मान वर काढली नाही,
विड्यांचा हजार पुरा व्हायचा होता.

पंचनाम्यात पावती नाही.
मी आहे. वय अठ्ठेचाळीस,
धंदा सायकल दुरुस्ती, समक्ष हजर.

साहेबांच्या गाडीत हवा भरायला जायचो
तेव्हा आवारात दिसायची,
लिंबाखाली, जप्त मोटारसायकलींच्या ढिगात.
मुद्देमाल नंबर अडतीस.
दोन उन्हाळ्यांत चिठ्ठीवरची शाई उडाली.
एका कुत्रीनं तिच्या आडोशाला पिल्लं घातली,
ती मोठी होऊन निघूनही गेली.

सहा वर्षांनी सुटला. सुपूर्तनाम्यावर मोटर मिळाली.
एका हातानं उचलून म्हणाला,
"हलकी झाली बे."
आतलं तांबं कुणीतरी काढून नेलेलं.

मग त्यानं साहेबांवर अर्ज केला.
साहेब तोवर बढतीवर बार्शीला.
उत्तर आलं, एका पानाचं:
सदर कृती कर्तव्य बजावताना
सद्हेतूने केलेली दिसून येते,
सबब खटल्यास मंजुरी नाकारण्यात येत आहे.

तो कागद इरेशमनं माझ्याकडंच आणला वाचायला.
मला जमेना, मुलीला हाक मारली.
"सद्हेतू म्हणजे काय गं?"
"म्हणजे मनात वाईट नव्हतं."
इरेशम माझ्याकडं बघत होता.
माझ्याही मनात वाईट नव्हतं.
भीती होती. तिचं नाव
त्या पानावर कुठं नव्हतं, मी तिला दोनदा वाचायला लावलं.

आता तो एमआयडीसीत रात्रपाळीला वॉचमन.
संध्याकाळी हवा भरायला थांबतो.
कॅरिअरला डबा, तो त्याच
अर्ध्या टॉवेलात बांधलेला,
एका कडेला दशा नाहीत.
पैसे नको म्हटलं तर
नाणं पाण्याच्या टपात टाकून देतो.

मी पंप मारत राहतो.
"बास," म्हणतो इरेशम.
चाक दगडासारखं झालेलं असतं,
तरी माझा हात थांबत नाही.