जीवावर येतं

गेल्या दोन आठवड्यांत, असं विचारतो कागद.
दोन आठवडे म्हणजे विद्याधरची एक खेप:
हेलिकॉप्टरनं जातो, उत्तर समुद्रातल्या तेलविहिरीवर,
परततो तेव्हा बॅगेला डिझेलचा वास असतो.
माझ्या दोन आठवड्यांना वास नाही.

कधीच नाही. काही दिवस.
अर्ध्याहून जास्त दिवस. जवळजवळ रोज.
नऊ प्रश्न, चार-चार चौकोन,
पेन दोरीनं टेबलाला बांधलेलं.
वर नाव लिहिलं, सुलक्षणा.
खाली लक्षणं.
नाव ठेवताना आईनं एवढं पुढचं पाहिलं नसेल.

अ‍ॅबर्डीनला डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मावळतो.
मी म्हणायचे, हेच कारण.
मग जून आला, रात्री दहा वाजले तरी उजेड,
आणि मी पडदे ओढून तशीच.
उगाच बोल लावत होते बिचाऱ्या सूर्याला.

एका सोमवारी मटकी भिजत घातली.
मोड आले. मोडांना शेपट्या. शेपट्यांना पानं.
रोज झाकण काढून बघायचे, परत ठेवायचे.
भिजत घोंगडं ऐकून माहीत होतं,
माझ्या ओट्यावर भिजत रान.

ताई फोनवर म्हणायची, तुला काय कमी आहे गं?
रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा उत्तर मिळालं:
लोह कमी. ड जीवनसत्त्व कमी.
डॉक्टर गेडिस म्हणाल्या, हे भरून काढू.
पण एवढंच असेल असं मला वाटत नाही.
तुम्हाला वाटतं?

इंग्रजी येतं मला.
बिलं, बस, मुलीच्या शाळेतल्या मीटिंगा, सगळं त्यात निभावलं.
रडणं जमत नाही त्यात.
म्हणून फोनवर दुभाषी, बर्मिंगहॅमहून,
कोवळा आवाज, मराठीत जराशी सांगली.

सकाळी कसं असतं?
मी म्हटलं, उठायचं जीवावर येतं.
अंघोळ जीवावर येते.
मुलीचा फोन वाजतो, तोही.

पलीकडे शांतता.
मग ती पोरगी, हळूच, आपल्या भाषेत:
ताई, जीवावर येतं म्हणजे नुसता कंटाळा,
की…
नाही, मला बरोबर सांगायचंय त्यांना. चूक नको व्हायला.

दळण आणायचं जीवावर येतं,
चढण चढायची जीवावर येते,
आयुष्यभर तोंडात घोळवलेला शब्द,
आत जीव बसलाय, हे कधी
वाकून बघितलं नव्हतं.

फोनमधली मुलगी थांबली.
डॉक्टर थांबल्या, पेन खाली ठेवून.
खिडकीत कोंबडीएवढा सीगल, तोही.

नववा प्रश्न मी कोराच सोडला होता.
काही दिवस, मी म्हटलं.

आभाळ कोसळलं नाही.
डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली, विचारलं, आज?
आज नाही. आज मी इथे आले ना.
हे आपोआप इंग्रजीतच निघालं,
आणि रडूही, त्याच्याच मागोमाग.

रोज सकाळी एक गोळी. गुण यायला महिना लागेल,
तोवर मळमळ, कोरडं तोंड.
गुरुवारी एक बाई, फक्त बोलायला.
रात्रीबेरात्रीसाठी एक नंबर,
तो फ्रिजवर लावलाय, गॅसवाल्याच्या नंबराशेजारी.

ताई म्हणाली, गोळ्यांची सवय लागते हं.
म्हटलं, तुझ्या बीपीच्या गोळीला किती वर्षं झाली?

विद्याधर आला तेव्हा बॅग उचलायच्या आत सांगितलं.
तो तसाच जिन्यावर बसला, बूट घालून.
खूप वेळानं म्हणाला, मटकीचं ते पातेलं
मी घासू का?

आज पाचवा आठवडा.
मेथीची जुडी सोडली, अर्धी निवडली.
उरलेली जीवावर आली.

म्हणजे, कंटाळा आला.
तेवढंच.