बावीस मिलिमीटर

ओव्याला इथे अजमो म्हणतात.
मांडवीच्या दुकानात मी ओवा मागतो,
हर्षदभाई हसतो, अजमो बांधून देतो,
दोन किलो, पावतीसकट,
कारण विद्यापीठाला पावती लागते.

फ्लास्कमध्ये तो साडेतीन तास उकळतो.
वाफ चढते, थंड नळीत दचकते,
थेंब होऊन उतरते,
आणि पाण्याच्या माथ्यावर
नखाएवढं पिवळसर तेल.
एवढ्या दाण्यांचं एवढंच?
नियती परमार म्हणते, पुष्कळ आहे, सर.
मला सगळेच सर म्हणतात.
मी बाटल्या धुतो. एकतीस वर्षं.

पाणीही मीच आणतो.
विश्वामित्रीकाठच्या वस्तीत
नळाची लाइन गटाराच्या कडेने जाते,
शेजारधर्म पाळत.
कमूबेनच्या नळाला मी आधी
स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने डाग देतो,
मग निर्जंतुक बाटली धरतो.
ती विचारते, नळाला कावीळ झाली का?
पलीकडच्या काठावर मगर ऊन खात पडलेली.
तिची तक्रार कुणी करत नाही.
ती निदान दिसते.

काचेच्या थाळीत, सदतीस अंशांवर,
ते रात्रभर वाढतात.
सकाळी थाळीवर साय धरलेली,
आणि मधोमध तेलात भिजलेली
कागदाची टिकली.
तिच्याभोवती स्वच्छ गोल,
पान उचलून शेणगोळा फिरवलेल्या जागेसारखा.
नियती पट्टी लावते. बावीस.
गवती चहा एकोणीस. लवंग सोळा.
तुळस अकरा, तेव्हा ती माझ्याकडे बघते
जणू मी तुळशीचा मामा.
म्हटलं, अकरा तर अकरा, लिही.
तिला राग येत नाही.

संध्याकाळी दांडिया बाजारपर्यंत
बसमध्ये माझ्या शर्टाला वास.
शेजारचा म्हणतो, काका, पोट बिघडलंय?
मी म्हणतो, हो.
सगळं समजावायला पाच स्टॉप पुरत नाहीत.

शुक्रवारी कमूबेनच्या ओट्यावर
तिचा जिगर भिंतीला टेकून बसला होता,
तीन दिवसांचे जुलाब, डोळे आत गेलेले,
हातात साखरमिठाच्या पाण्याचा पेला.
साहेब, तुमच्या बाटलीचं काय झालं?

बावीस, जिभेवर आलं होतं.
पण तेलाची बाटली नुसत्या पाण्याने निघत नाही,
हे मला नियतीच्या जन्माआधीपासून ठाऊक.
हंड्यात टाकलं तर ते वर
इंद्रधनुष्य काढत बसेल
आणि खाली ते सगळे
आपापल्या कामाला.
थाळीत पळायला जागा नसते.
हंडा खोल असतो.

म्हटलं, उकळा. खळखळ उकळी येऊ द्या.
ती म्हणाली, बाटलो मंगळवारीच संपला.
इथे सिलिंडरला बाटलो म्हणतात.
माझ्याकडे बाटल्या शेकडो होत्या.

मग आरोग्य केंद्रातून
क्लोरीनच्या गोळ्यांचं पाकीट आणून दिलं.
सही केली, शिक्का घेतला,
एक गोळी, एक हंडा, अर्धा तास,
तीनदा म्हणवून घेतलं तिच्याकडून.

नियती हल्ली तेलाचे इतके बारीक कण करते आहे
की पाण्याला पत्ता लागू नये.
यंत्र दिवसभर गुणगुणतं.
पाणी दुधाळ होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटतं.
ती वहीत तारीख घालते, रेघ मारते,
पुन्हा यंत्र लावते.
जेवणाचा डबा तसाच.

पुढच्या नमुन्याला गेलो
तर जिगर नळाशीच, एका पायावर उड्या मारत.
कमूबेन म्हणाली, गोळीच्या वासाने
पाणी तोंडाला लावत नव्हता.
आता अर्धा तास झाला की
चिमूटभर अजमो टाकते.
मग पितो.

हे मी नियतीला सांगितलं.
ती थांबली. वही उघडली.
पेन हातात धरून बराच वेळ
कोणत्या रकान्यात लिहायचं
ते बघत राहिली.