पांढरं तेवढंच

काली शहरात, आलामेदाच्या बाजारात,
मासळीच्या रांगेला पाठ लावून माझा गाळा.
पहाटे चारला डोंगरातून टेम्पो येतो.
मी एकेक फळ कानाशी वाजवतो, नाकाशी धरतो,
मग भाव सांगतो.
लोक म्हणतात, आर्नुल्फोकडचं फळ डोळे मिटून घ्यावं.

आणि घरी?
घरी हेरोनिमो. वय सात.
मार्लेनीचा मुलगा; फेब्रुवारीपासून थोडा माझाही,
असं मी म्हणतो. तो काही म्हणत नाही.
मला हाक मारायची वेळ आली की
नुसता खोकतो.

तो पांढरं तेवढंच खातो.
भात. दूध. मक्याची भाकरी, डाग नसलेली.
बटाटा, पण सोललेला, आणि
साल कुठे पडली ते त्याला दिसता कामा नये.

मी काय नाही केलं!
लुलोची लव फडक्यानं पुसून चकाकवली;
आतला हिरवा गर बघून म्हणाला, "शेवाळ."
ग्रानादिया फोडली: बेडकाची अंडी.
खरं सांगायचं तर तशीच दिसते.
पपईच्या बिया त्याच्याकडे टक लावून बघतात म्हणे.
दुधात गुआनाबाना लपवून घुसळलं,
तर एक घोट, आणि पेला माझ्यापुढे सरकवला,
फौजदार चोरापुढे कागद सरकवतो तसा.

शेजारची एनेलिया म्हणाली,
"उपाशी ठेव, दोन दिवसांत टोपलीसकट खाईल."
तिची पाच पोरं चोन्तादुरोवर वाढली, मीठ-मध लावून.
मार्लेनी म्हणाली, "राहू दे."
तिच्या 'राहू दे'मध्ये माझ्या आधीचं बरंच काही होतं.
मी राहू दिलं.

जुलैत शाळेला सुट्टी, मार्लेनीला दवाखान्यात दिवसपाळी,
म्हणून तो गाळ्यावर.
उलट्या क्रेटवर बसून पाय हलवत
गिऱ्हाईकं मोजायचा.
एका दुपारी, बाजार पेंगत असताना, खोकला.
मी वळलो.
"तुला यातलं कुठलं आवडत नाही?"

एकवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
गोड आहे का, पिकलंय का, कालचं तर नाही ना,
हे सगळेच विचारतात.
मी इकडेतिकडे पाहिलं, हळूच बोट केलं:
बोरोहो. तपकिरी, चिकट, पाणी सुटलेला गोळा,
वास चिंच आणि ओलं पोतं यांच्या मधला.
अंगात ताकद येते म्हणून मी तो ओरडून विकतो.
जिभेला कधी लावला नाही.

"कधीच नाही?"
"कधीच."
तो हसला. वरचे दोन दात पडलेले,
हे मला तोवर माहीत नव्हतं.
"मग खा."
"तू काय खाशील?"

त्यानं सगळा गाळा नजरेनं चाळला,
दोनदा. मग ग्वामाची शेंग उचलली,
हातभर लांब, म्यानासारखी.
मी पिळून उकलली. आत ओळीनं
ओला कापूस.
पांढरा.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की हे इतके दिवस
कुठे ठेवलं होतंस?
खरंच की. मी त्याला रंग शिकवत बसलो होतो.

"आधी तू."
मी बोरोहो तोंडात घातला.
चेहरा कसा झाला ते एनेलियाला विचारा,
ती अजून सांगत फिरते.
डोळ्यांत पाणी, कान लाल,
आणि हा क्रेटवरून घसरेपर्यंत हसतोय.

हसता हसताच त्यानं कापसाचा एक पेळू
ओठांत धरला.
पुढचं मी पाहिलं नाही. मुद्दाम
वजनाच्या काट्याकडे बघत राहिलो,
आणि तो शून्यावरच होता.

काळी बी तळहातावर थुंकली,
शर्टाला पुसली, खिशात टाकली.
मग दुसरी. तिसरी.
रात्री आईला फक्त बिया दाखवल्या,
गोष्ट सांगितली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी हुरूपानं पिताया कापली.
पांढरीशुभ्र!
"ठिपके आहेत," म्हणाला, आणि भात मागितला.
बरं.
पण चालताना त्याचा खिसा वाजत होता,
आणि मी एका बाईंना बोरोहो तोलून देत असताना
मागून आवाज आला, न खोकता:
"आर्नुल्फो, त्यांना खरं सांग."