घट

पहिलं व्याख्यान परळच्या एका सभागृहात झालं,
पंखे बंद करून, कारण वाऱ्यानं पडदा हलला की
जैसलमेर हलायचं.
खुर्च्या साठ, माणसं एकोणीस,
त्यातली दोघं नुसती चहासाठी आलेली
हे वारुंजीकर बाईंनाही ठाऊक होतं.
छत्रीच्या टोकानं त्यांनी वाट दाखवली :
बाडमेर, मग रणाची कड धरून खाली,
विहिरीपासून विहिरीपर्यंत, थेट कच्छातल्या मांडवीपर्यंत.
"वाट म्हणजे विहिरींची माळ," म्हणाल्या,
"एक मणी आटला की अख्खा तांडा घरंगळतो."

मी वहीत उतरवून घेतलं.
बत्तीस वर्षं बंदरात टॅली क्लार्क होतो,
कुणी मोठ्यानं बोललं की लिहायची खोड जात नाही.

रविवारी साडेसातला मशीद बंदरच्या पुलाखाली जमलो.
टोप्या, पाण्याच्या बाटल्या,
एका पोरीच्या गळ्यात तर दुर्बीण.
बाई म्हणाल्या, "समजा, आता आपण वाळवंटात आहोत."
मागून हातगाडीवाला ओरडला,
"ओ वाळवंट, बाजूला व्हा!"

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं,
या वस्तीचं जुनं नाव काय?
मांडवी.
आणि तिकडची?
तीही मांडवी.
मांडवी म्हणजे जकातीची जागा.
समुद्राच्या दोन्ही काठांवर
एकाच नावानं पुढे केलेला हात.
"मध्ये पाणी आलं म्हणून वाट तुटली असं नाही.
तिथं फक्त उंट बदलतो,
लाकडाचा होतो, पाठीवर शीड घेतो."

त्या काठाशी मी बत्तीस वर्षं डबा खाल्ला होता.

हबीबभाईंच्या वखारीत अंधार, आणि अंधाराला वास :
हिंग, सोनामुखी, कुठंतरी लोबान.
त्यांनी डिंकाची गोणी सोडली,
चाळणीत दोन ओंजळी टाकल्या, हलवल्या.
वर राहिले मधाच्या रंगाचे खडे.
खाली कागदावर पडली ती रेती,
फिकट, पिठासारखी बारीक.
"बाभळीखालून गोळा करतात ना, येतेच बरोबर.
आजोबांच्या वेळी उंटाचे केसही निघायचे."
दुर्बीणवालीनं चिमूटभर पुडीत बांधून घेतली.

मला माझा रकाना आठवला.
आवक, वजन, घट.
घटीसमोर माझ्याच अक्षरात :
रेती, दीड किलो. रेती, सव्वा किलो. रेती.
बत्तीस वर्षं.
संध्याकाळी मगन सोलंकी शेड झाडायचा
आणि सगळी वाट सुपात भरून
गोदीच्या पाण्यात ओतायचा.
मी त्यावर सही करायचो.

डिसेंबरात खरी सफर आहे, नऊ दिवसांची,
त्यातले दोन उंटावर.
यादी माझ्यापाशी आली तेव्हा
मी गुडघ्याकडे पाहिलं, आणि पुढे सरकवली.

निघता निघता दुर्बीणवालीनं विचारलं,
"बाई, पण ही वाट संपते नेमकी कुठे?"
"ओझं उतरतं तिथे," बाई म्हणाल्या,
आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी काही बोललो नाही.
ओझं उतरल्यावरही ती थोडी पुढे जाते :
शिवडीला, दुसऱ्या मजल्यावर,
मार्गशीर्षात लाडवांच्या डब्यापर्यंत.
शशी दरवर्षी डिंक निवडायची, तुपात फुलवायची,
आणि पहिला लाडू मोडून म्हणायची,
"कितीही निवडा, कचकचतोच मेला तुमच्या बंदराचा डिंक."
बदलून आणतो, म्हणायचो.
कधी आणला नाही.
आता डब्यात बटणं असतात.

सगळे चहाला पुढे गेले.
मी परत वखारीत वळलो, पाव किलो मागितला.
हबीबभाईंनी चाळणी उचलली.

राहू द्या, म्हटलं.
तसाच द्या.