दुसरं टोक

चौतीस वर्षं एल्बिओने मॉन्टेव्हिडिओच्या लिफ्ट दुरुस्त केल्या,
म्हणून त्याची पहिली अट:
गावात दोन मजल्यांवर काही नको.
माझी अट मी सांगितली नव्हती.
मी एक्स-रे काढणारी बाई,
आधी अंधार करते, मग बघते.

त्याने वही आखली.
दवाखाना किती किलोमीटर, औषधाचं दुकान रात्री उघडं का,
डास, ओल, पुराची रेघ भिंतीवर कुठवर,
पाव भट्टीतून किती वाजता निघतो.
शेवटचा रकाना कोरा ठेवला.
"लागेल," म्हणाला.

व्हिया ओर्तेन्सिया फार देखणं निघालं.
खिडकीखिडकीत जिरेनियम, दारादारावर ‘विकणे आहे’.
चौकातल्या बाकावर आमच्याच वयाचं एक जोडपं,
मांडीवर वही.
आम्ही एकमेकांना ओळखलं आणि नजर चुकवली,
एकाच मुलीला बघायला आलेल्या
दोन घरच्या मंडळींसारखी.

सान हेर्वासियोला नदी होती, आणि शांतता,
इतकी, की एल्बिओने घड्याळ काढून कानाला लावलं.
मी दफनभूमीत एक चक्कर मारून आले.
सगळी फुलं प्लॅस्टिकची.
चल, म्हटलं.
अजून डास मोजायचे राहिलेत, तो म्हणाला.
चल म्हटलं ना.

दुरून डोंगर साजरे म्हणावेत, तर या देशात डोंगरच नाहीत.
कुरण, तार, गाय, पुन्हा कुरण.
पासो देल सेइबो आमच्या यादीत नव्हतंच;
थर्मासमध्ये गरम पाणी भरून घ्यायला उतरलो
आणि बस निघून गेली.

दुपारचे दोन. गाव झोपलेलं.
रस्त्याच्या मधोमध कुत्रा, तोही झोपलेला.
स्टेशनात आगगाडी येत नाही,
तिकिटाच्या खिडकीत कोंबडी अंड्यांवर बसलेली.
एल्बिओ चडफडत वहीत काहीतरी खोडत होता.
तेवढ्यात कुंपणापलीकडून:
"अहो बाई, हे टोक धरा जरा."

धरलं.
कुठून आलात नाही, किती दिवस नाही,
नुसतं "ताणा", आणि मग "या".
मी चार पावलं पुढे, ती चार पावलं पुढे,
तिच्या बोटांत माझी टोकं गेली,
मी वाकून घडी उचलली, पुन्हा मागे सरले.
अनोळखी माणसासोबत एवढं ताल धरून
मी लग्नातसुद्धा नाचले नव्हते.
चार चादरी, एक टेबलक्लॉथ.
मग तिने नाव सांगितलं: सेल्वा.
एल्बिओ काखेत थर्मास धरून उभाच.

एप्रिलमध्ये, पानं गळताना, सामान घेऊन आलो
तर तिचं घर बंद.
लेकीने नेलं तिला राजधानीत, सातव्या मजल्यावर.
पत्ता ऐकून एल्बिओ खुर्चीत बसला.
ती लिफ्ट त्याच्या हातातली.
आता महिन्यातून दोनदा मोबाइल वाजतो,
"अडकले हो", आणि हा इकडून, हातातला माते निवू देत,
"दार ओढू नका. श्वास घ्या.
चौथ्याच्या वर तिला ठसका लागतो, आपोआप जाईल."
मजले नसलेल्या गावात बसून
बिचारा अजून लिफ्टच चालवतोय.

गाव तसं काही खास नाही.
औषधाचं दुकान सहाला बंद होतं. पाव करपलेला.
भिंतींना ओल, माझ्या गुडघ्यांनाही.
या गावाचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलंय,
मला दिसतं ते. पण चालतं.

परवा उंदरांनी कुरतडलेली वही सापडली.
शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने ‘चादर’,
खाली फक्त पासो देल सेइबोसमोर एक रेघ,
ती हो म्हणते की नाही, कळत नाही.
विचारलं नाही.

बस दोनला येते.
मी दोरीवरचे कपडे त्याच सुमाराला काढते.
एल्बिओला हाक मारत नाही.
कोणी उतरलंच, तर
वारा नसला तरीही
एकटीने जमत नाहीये, असं दाखवते.