फटीतली चप्पल

सिंदेवाहीच्या दुकानदारानं तेव्हाच बजावलं होतं,
बंद ठेवाल तेव्हा दार लावू नका बाई,
आतल्या आत कुबट होते पेटी.
म्हणून हे सगळं.

परवापासून रिकामा करत आणला.
अंबाडीची भाजी संपवली, दोन वांगी
गिरजाबाईकडे, आणि विरजणाची वाटी.
"जपजो वं माय, पाडव्यापर्यंत."
"जपतो ना. तुह्या नावानं रोज खातो."

बर्फाचा साचा पोट्ट्यांना वाटला.
गल्लीतली सात पोट्टी, चौदा खडे,
तरी भांडण झालंच.

मग काल रात्री बटण बंद.
रात्रभर फडक्यावर टिप टिप.
एवढ्याशा पेटीनं किती पाणी धरून ठेवलेलं!
सकाळी परात भरली.
आधी उन्हात ठेवली ती,
एवढं गार कढीपत्त्याला सोसलं नसतं.
मग ओतली.

सोड्याच्या पाण्यानं आतून पुसलं,
तरी खालच्या कप्प्याला वास आहेच
मागच्या सालच्या मिरचीचा.
मजुरीत आलेली दीड पोतं. एक विकलं,
रोख घातली, आणि हा आणला,
जुना, हँडल तुटलेला.
उरलेल्या मिरचीचं तिखट यातच ठेवलं वर्षभर.
मिरचीनं आणला, मिरचीपायीच बंद.
नवऱ्याला म्हटलं तर तो हसला,
"मंग काय, डोक्शावर घेऊन येतं का त्याले?"

खरं सांगू, नेलाही असता.
तिकडे तेलंगणात दुपारनंतर बोटं अशी पेटतात
की रात्री पोराच्या गालाला हात लावता येत नाही.
मग मी झोपेत हा उघडते. वरचा कप्पा.
मनगटापर्यंत हात घालून उभी राहते.

बाकीचं घर सोपं.
तांदळाच्या कोठीचं तोंड लिंपलं,
लाखोळीच्या डाळीत निंबाचा पाला,
खाटा भिंतीला उभ्या,
मीटरचा आकडा कोळशानं दाराशेजारी लिहिला,
उगाच जास्तीचं बिल पाठवतात.
शाळेतले सर आले होते,
प्रणयला वसतिगृहात ठेवा म्हणाले.
मी चहा केला. दूध संपवायचंच होतं.

आता दाराच्या फटीत काय घालावं?
लाकूड घसरलं. पुठ्ठा उंदीर खातील.
शेवटी प्रणयची चप्पल, डाव्या पायाची;
उजवी आखाडात नहरात वाहून गेली.
परत येऊ तेव्हा त्याला
तशीही व्हायची नाही.
वर मच्छरदाणीचा तुकडा चिकटवला.

मॅटाडोरमध्ये बोचकी चढली, माणसं चढली,
हापशीपर्यंत गेलो आणि मला वाटलं,
पिन काढली का मी?
उतरले. मुकडदम ओरडला.
कुलूप काढलं.
वायर वरच होती, गुंडाळलेली,
मीच गुंडाळून ठेवलेली.
तरीही दार उघडून पाहिलं.
दिवा लागला नाही.
काळोख, आणि निंबाचा वास.
चप्पल पडली होती खाली,
ती बसवली परत, जरा तिरपी.

बाहेर गिरजाबाई वाटी घेऊन उभी.
"इसरलीच होती मी. हात कर इकडे."
तळव्यावर चमचाभर दही.
थंडीचे दिवस, नीट लागलंही नव्हतं,
नुसतं पाणी पाणी.
हॉर्न वाजत होता.
चाटलं तसंच.